नऊ जणांची नाव



हंगाम संपत आला होता. शेवटच्या तोडी चालू होत्या. गट ऑफिसच्या पायरीवर आम्ही चारदोन जण चहा घेत बसलो होतो. तिथे एक सभासद आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पोराला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलंय. उसाच्या बिलातनं फी भरली. आता म्हणतंय, कॉलेजच्या बोटीच्या टीममध्ये नाव दिलंय. पहाटं उठून वल्ही मारायला जातंय. मला सांगा, वल्ही मारायला इंजिनिअरिंग कशाला लागतंय?"

सगळे हसले. तेही हसले, पण त्यांच्या कपाळाची आठी काही गेली नाही. त्यांचे चुकत होते असेही नाही. घरची दीड एकर लावण, सोसायटीचे कर्ज, आणि पोरगा नदीत. बापाने काळजी करू नये तर काय करावे?

पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे आणि तो फार जुना आहे, एवढे आम्हाला ठाऊक होते. तेवढे सांगून त्यांचे समाधान झाले नसते. म्हणून त्यांना एक गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे, घडली अमेरिकेत, नव्वद वर्षांपूर्वी. त्या दिवशी चहा संपेपर्यंत जेवढी सांगता आली तेवढी सांगितली. पुढची अनेकांनी विचारली, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी ही होडी म्हणजे काय प्रकार आहे ते बघा. आपल्याकडे सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्या पुष्कळांनी काठावर उभे राहून पाहिल्या असतील. परदेशातल्या विद्यापीठांची शर्यतीची होडी वेगळी. लांबी जवळजवळ बासष्ट फूट, रुंदी जेमतेम दोन फूट. म्हणजे सारीतून एखादी लांबलचक शेंग तरंगत जावी तशी. तिच्यात एकामागे एक आठ जण बसतात. प्रत्येकाच्या हातात एकच वल्हे, एकाचे डावीकडे तर पुढच्याचे उजवीकडे. आणि गंमत अशी की हे आठही जण होडी जाते तिकडे पाठ करून बसलेले असतात. आपण कुठे चाललो हे त्यांना दिसतच नाही. समोर दिसते ती फक्त पुढच्या गड्याची पाठ. होडीच्या मागच्या टोकाला नववा एक बारीक चणीचा माणूस बसतो, त्याचे तोंड तेवढे पुढे. सुकाणू त्याच्या हातात, ताल त्याच्या तोंडात. आपल्या कोकणात तांडेल असतो, त्याचाच हा लहान भाऊ म्हणा.

आता आठांपैकी एकाचे वल्हे अर्धा क्षण उशिरा पाण्यात पडले तर काय होईल? ज्यांनी जुन्या काळचा आठ बैली नांगर पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. सात बैलांनी ओढ घ्यायची आणि आठव्याने मान टाकायची, म्हणजे जू कुणाच्या मानेवर येते हे बैलाला बरोबर कळते. होडीत तर त्याहून वाईट. ती इतकी अरुंद की एकाचा तोल गेला की सगळी डगमगते.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सिॲटल नावाचे शहर आहे. पाऊस, डोंगर, देवदाराची जंगले आणि चहूकडे पाणी. तिथे वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. १९३३ सालच्या ऑक्टोबरात त्या विद्यापीठाच्या होडीघरापुढे पहिल्या वर्षाची पावणेदोनशे मुले जमली. जागा नऊ. ते साल लक्षात घ्या. १९२९ साली अमेरिकेत मंदी आली, बँका बुडाल्या, शेतमालाला भाव राहिला नाही आणि १९३३ साली कामकरी माणसांपैकी चौघांत एक बेकार होता. त्या पावणेदोनशेंमध्ये चांगल्या खात्यापित्या घरची पोरे होती, तशीच शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची, मासे पकडणाऱ्यांची पोरेही होती. विद्यापीठाच्या होडीत जागा मिळाली की त्या मुलाला विद्यापीठात अर्धवेळ काम मिळे. अनेकांना होडीचे वेड नव्हते, कामाची गरज होती. जागा गेली तर काम गेले, काम गेले तर फी गेली, आणि मग परत गावी.

त्यांच्यात जो रँट्झ नावाचा एक उंचनिंच पोरगा होता. त्याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हा १९१४ चा जन्म. चार वर्षांचा असताना आई घशाच्या कॅन्सरने गेली. बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आईला हा पोरगा डोळ्यांसमोर नको. दहा वर्षांचा असताना त्याला घराबाहेर काढले. खाणकामगारांच्या वस्तीतल्या शाळेत तो झोपायचा आणि त्या बदल्यात लाकडे फोडायचा. पुढे ही मंडळी सिक्विम नावाच्या खेड्यात शेती करायला गेली, तेव्हा त्याला परत घरात घेतले. पण शेती चालेना. १९२९ सालच्या अखेरीस एक दिवस जो शाळेतून घरी आला तर गाडीत सामान भरलेले, सावत्र भावंडे गाडीत बसलेली. बापाने सांगितले, आम्ही चाललो, तू इथेच राहा. पोरगा पंधरा वर्षांचा. घर अर्धवट बांधलेले.

गाडी गेली.

आपल्याकडेही अशी पोरे झाली आहेत, नाही असे नाही. कुणी मामाकडे वाढले, कुणी बोर्डिंगात. पण मामा तरी असतो. ह्याला कुणीच नव्हते. तो एकटा राहिला. नदीत चोरून सामन मासे धरले आणि विकले. शेजारच्या एका माणसाबरोबर घोड्यांनी ओंडके ओढायचे काम केले, खोड चिरायला शिकला. आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली: यापुढे कुणावर विसंबायचे नाही. पुढे थोरला भाऊ सिॲटलला शिक्षक होता, त्याने शेवटच्या वर्षासाठी शहरात आणले. तिथल्या शाळेच्या व्यायामशाळेत विद्यापीठाचे होडीचे मुख्य शिक्षक अल अल्ब्रिक्सन यांनी त्याला पाहिले आणि नजरेत ठेवले. असा तो होडीघरापुढे उभा राहिला.

अंगात तोच एक जुना, चुरगाळलेला स्वेटर. रोज तोच. बाकीची पोरे त्याला हसायची, भणंग म्हणायची. खाणावळीत कुणाच्या ताटात उरले असेल तर तेही हा खाऊन टाकायचा, त्यावरूनही हसायची. हा काही बोलत नसे. ज्याने पंधराव्या वर्षी स्वतःची चूल स्वतः पेटवली तो चेष्टेने मरत नाही, पण त्याला लागते. ते तो कुणाला दाखवत नसे, एवढेच.

पहिल्या दिवशी रॉजर मॉरिस नावाचा आणखी एक मुलगा भेटला. तो पण इंजिनिअरिंगचा, तो पण मितभाषी, तो पण अर्धपोटी. त्या दोघांची मैत्री जमली, म्हणजे काय, तर दोघे शेजारी बसून गप्प राहू लागले. पुरुषांच्या पुष्कळ मैत्र्या अशाच सुरू होतात.

पावणेदोनशेंतले बरेचसे पहिल्या काही आठवड्यांतच गळाले. थंडी, पाऊस, तळहाताला फोड, फोडांवर फोड. उसाची तोड करताना नवख्याच्या हाताचे जे होते तेच. गळणाऱ्यांत चांगल्या कपड्यांतली पोरे जास्त होती. जो टिकला, रॉजर टिकला. पहिल्या वर्षाच्या होडीत दोघांना जागा मिळाली आणि १९३४ च्या जूनमध्ये त्या होडीने न्यूयॉर्कजवळच्या पकिप्सीला देशातली मोठी शर्यत जिंकली.

इथे गोष्ट संपली असती तर ती साधी झाली असती. पण जिंकल्याने मैत्री होतेच असे नाही. १९३५ साल भांडणात गेले. विद्यापीठात तीनचार होड्या, आणि पहिली होडी कोणती यावर चुरस. जोच्या बरोबरीची पोरे शिरजोर झाली, मोठ्या वर्गातली पोरे चिडली. एकमेकांकडे बघेनाशी झाली. आज ही होडी पहिली, उद्या ती. सोसायटीच्या निवडणुकीत गावात दोन पॅनेल पडली की वर्षभर पाण्याच्या पाळीवरसुद्धा माणसे बोलत नाहीत, तसा प्रकार. जो तर या होडीतून त्या होडीत असा फिरत राहिला. कधी डोंगर ओढेल असा ओढायचा, कधी नुसता शरीराने होडीत. शिक्षकांना कळेना की या पोराला झालेय काय.

झालेले असे होते की बाप त्याच शहरात राहत होता. जोला पत्ता लागला, तो भेटायला गेला, तर सावत्र आईने दारातूनच परत पाठवले.

१९३५ च्या उन्हाळ्यात पैसे संपले. तेव्हा कोलंबिया नदीवर ग्रँड कूली नावाचे प्रचंड धरण बांधणे चालू होते. जो तिथे मजुरीला गेला. त्याला काम मिळाले कड्यावर दोराने लटकून ड्रिलने खडक फोडायचे. धोक्याचे म्हणून मजुरी जास्त, तासाला पंचाहत्तर सेंट. आपल्याकडे कोयनेवर, राधानगरीवर ज्यांच्या घरातली माणसे राबली त्यांना ते दृश्य डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. खाली उकळते ऊन, नाकातोंडात धूळ, आणि वरून दगड येईल का याकडे एक कान.

तिथे त्याला दोन चेहरे दिसले. जॉनी व्हाइट आणि चक डे. दोघेही विद्यापीठाच्या होड्यांतले, पण जोच्या होडीतले नव्हेत. सिॲटलमध्ये असते तर मान वळवून गेले असते. इथे घरापासून शेकडो मैलांवर, धुळीत, तिघेच ओळखीचे. एकत्र जेवू लागले. शनिवारी एकत्र बाजारात फिरू लागले. जो गाणी म्हणायचा, वाजवायचा. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या कपड्यांवर बोलले नाही, कारण तिघांचेही कपडे सारखेच मळलेले होते.

आम्हाला विचाराल तर या गोष्टीतला खरा मोहरा हा आहे, पुढचे सोन्याचे पदक नव्हे. सावड किंवा पैरा आपल्याला नवा नाही. आज तुझी भांगलण, उद्या माझी. इर्जिकीला अख्खा गाव जमायचा. पण सावडीतसुद्धा माणूस हिशेब ठेवतो: मी चार दिवस दिले, त्याने तीन दिले. त्या धरणावर या तिघांचा हिशेब सुटला. एकाचा दोर दुसऱ्याच्या नजरेत असायचा आणि त्याबद्दल कुणी काही देणे लागत नव्हते.

आता होडीघराच्या माळ्यावर जाऊ. तिथे जॉर्ज पोकॉक नावाचा एक इंग्रज कारागीर होड्या बनवत असे. १९१२ साली तो या विद्यापीठासाठी होड्या बनवायला आला तो तिथलाच झाला. देवदाराच्या जातीचे तांबडे लाकूड तो अशा पातळ फळ्यांत उतरवायचा की होडीची बाजू अर्ध्या बोटाइतकीही जाड नसे. देशभरातली विद्यापीठे त्याच्याकडून होड्या घेत. शिक्षक अल्ब्रिक्सन बोलायला कंजूष. जोला समजून घेणे त्यांना जमेना, तेव्हा त्यांनी ते काम या सुताराकडे सोपवले.

पोकॉकने जोला माळ्यावर बोलावले. लाकूड हातात दिले. जोने लाकडे चिरलेलीच होती, त्याला लगेच गोडी लागली. दोघे लाकडावर बोलत बसायचे. कुठल्या वर्षी झाडाला पाणी कमी पडले, कुठे वळण आले, ते नसांत दिसते. आणि बोलता बोलता एक दिवस पोकॉकने सांगितले ते साधारण असे: तू होडीत एकटाच आहेस असा वल्हे मारतोस. दुसरा नीट मारो न मारो, मी माझे मारतो, असा तुझा बाणा आहे. होडीत ते चालत नाही. दुसरा आवडत नसेल तर आवडायला शिकावे लागते. शर्यत आपण जिंकली की हरली, याइतकीच ती त्याने जिंकली की हरली याची काळजी वाटली पाहिजे.

हे जोने ऐकले. पण ऐकणे वेगळे आणि अंगात उतरणे वेगळे. ज्याला बापाने वाटेवर सोडले त्याला आठ जणांच्या हातात मान द्यायला सांगणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

१९३६ च्या मार्चमध्ये शिक्षकांनी होड्यांची माणसे पुन्हा बदलली आणि जोला पहिल्या होडीत सातव्या जागी बसवले. होडीत कोण होते पाहा. सर्वांत पुढे रॉजर मॉरिस. मग चक डे. गॉर्डन ॲडम, दुभत्या जनावरांच्या घरचा. जॉनी व्हाइट. साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा जिम मॅकमिलिन. शॉर्टी हंट, ज्याला 'बुटका' म्हणत कारण तो सव्वासहा फूट होता. सातवा जो. ताल धरणारा आठवा डॉन ह्यूम, हा लाकडाच्या लगद्याच्या गिरणीत राबून आलेला. आणि सुकाणूवर बॉब मॉक, घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, अंगाने लहान आणि डोक्याने तल्लख.

पहिल्याच दिवशी होडी निराळी पळाली. का, ते कुणाला सांगता आले नाही. त्यांच्या भाषेत याला स्विंग म्हणतात. आठ वल्ही एकदम पडतात, एकदम उठतात, आणि जोर लावतोय असे वाटतच नाही. वारकऱ्यांच्या दिंडीत टाळ एका ठेक्यात लागले की पाय आपोआप पडतात, थकवा कळत नाही. ज्यांनी अनुभवले ते ओळखतील. काठावर आल्यावर शॉर्टी हंट आणि बाकीचे जोशी जुन्या मित्रासारखे बोलू लागले. कुणीही स्वेटरचा विषय काढला नाही.

नवी होडी पोकॉकने बनवली. नाव ठेवले हस्की क्लिपर. पाण्यात सोडताना तिच्यावर आंबवलेल्या कोबीचे पाणी ओतले, कारण तो जर्मन लोकांचा आवडीचा पदार्थ. ऑलिंपिक त्या वर्षी जर्मनीत बर्लिनला होते, तर होडीला आतापासूनच सवय व्हावी. माणूस गमत्या होता.

जूनमध्ये पकिप्सीला चार मैलांची शर्यत झाली. बॉब मॉकने होडी इतकी मागे ठेवली की काठावरच्या शिक्षकांच्या तोंडचे पाणी पळाले. शेवटच्या टप्प्यात त्याने खूण केली आणि एकेक होडी मागे टाकत ते पहिले आले. त्या दिवशी तिन्ही गटांच्या शर्यती वॉशिंग्टननेच जिंकल्या. जुलैत प्रिन्स्टनला निवड चाचणी झाली, तीही जिंकली. बर्लिनचे तिकीट निघाले.

तिकीट निघाले, पण पैसे? तिथल्या ऑलिंपिक समितीने सांगितले, तुमचा खर्च तुमचा तुम्ही करा, पाच हजार डॉलर लागतील. नाहीतर दुसऱ्या नंबरचे विद्यापीठ स्वखर्चाने जायला तयार आहे. सिॲटलला तार गेली. वर्तमानपत्रांनी आवाहन केले. मंदीचे दिवस, लोकांच्याच चुली धड पेटत नव्हत्या. पण सिॲटलने आणि आसपासच्या गावांनी थोडे थोडे घातले आणि दोनतीन दिवसांत रक्कम उभी राहिली. आपल्या कारखान्याचे भागभांडवल ज्यांनी बैल विकून, दागिने गहाण टाकून भरले, त्या जुन्या मंडळींना हे वाचून आपले दिवस आठवतील.

जहाजावर चढण्याआधी बॉब मॉकला बापाचे एक पत्र आले. परदेशात कोणते नातेवाईक आहेत, कुणाला भेटू, असे त्याने विचारले होते. बापाने उत्तरात लिहिले होते की आपले घराणे मुळात ज्यू आहे. हे आजवर तुला सांगितले नव्हते. आणि मुलगा निघाला होता हिटलरच्या राजधानीत. त्याने पत्र खिशात ठेवले.

बर्लिनजवळ ग्र्युनाऊ येथे तलावात शर्यती होत्या. तिथे डॉन ह्यूम आजारी पडला. छातीत कफ, अंगात ताप, चेहरा पांढराफटक. तरी प्राथमिक फेरीत होडीने विक्रमी वेळ दिली आणि तो वल्ह्यावर कोसळला. दुसऱ्या दिवशी अल्ब्रिक्सनने ठरवले की अंतिम शर्यतीला त्याच्या जागी दुसरा बसवायचा. तेव्हा पोरे त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. जे शिक्षकांसमोर कधी तोंड उघडत नव्हते ते म्हणाले, त्याला होडीत नुसता बांधून ठेवा, आम्ही त्याला ओढून नेतो. पण त्याच्याशिवाय नको. जोही त्यांच्यात होता. एकट्याने वल्हे मारणारा जो.

शिक्षकांनी मानले.

१४ ऑगस्ट १९३६. हवा गार, पाऊस, तिरका वारा. त्या दिवशी आधी झालेल्या सहा अंतिम शर्यतींपैकी पाच जर्मनीने जिंकल्या होत्या. हिटलर सज्जात बसलेला, काठावर हजारो माणसे. आणि पाण्याच्या पट्ट्या वाटताना असे झाले की जर्मनीला आणि इटलीला काठालगतच्या, वाऱ्याच्या आडोशाच्या पट्ट्या मिळाल्या. प्राथमिक फेरीत उत्तम वेळ देणारे अमेरिकन आणि इंग्रज बाहेर उघड्यावर. अमेरिका सहाव्या, म्हणजे शेवटच्या पट्टीत. वाऱ्यात सुरुवातीचा पुकारा त्यांना ऐकूच आला नाही. बाकीच्या होड्या सुटल्या तेव्हा यांना कळले. दीड वल्ह्याचा उशीर तिथेच झाला.

दोन हजार मीटरची शर्यत. निम्मे अंतर झाले तरी हे मागेच. आणि डॉन ह्यूमचे डोळे मिटलेले, तोंड उघडे. बॉब मॉक त्याला ओरडून सांगतोय, वेग वाढव; त्याला ऐकू येत नाही. ताल धरणाराच शुद्धीवर नसेल तर करायचे काय? मॉकने ठरवले की ताल जोकडे द्यायचा. तो तसे सांगणार तोच ह्यूमने डोळे उघडले, मॉककडे पाहिले आणि वेग उचलला. त्याच्या पाठीमागे जो, जोच्या पाठीमागे शॉर्टी, अशी ती ओढ शेवटपर्यंत गेली.

शेवटच्या दोनशे मीटरांत काठावरच्या गर्जनेत मॉकचा आवाज पोचेना, तर तो हातातले लाकडी ठोकळे होडीवर आपटून ताल देऊ लागला. तीन होड्या एका ओळीत रेषेवर आल्या. पोरांना कळेना कोण जिंकले. वल्ह्यांवर पडून होती सगळी. मग पुकारा झाला. अमेरिका ६ मिनिटे २५.४ सेकंद, इटली ६ मिनिटे २६ सेकंद, जर्मनी ६ मिनिटे २६.४ सेकंद. पहिल्या आणि तिसऱ्यात एक सेकंद. आपण डोळा मिटून उघडतो तेवढ्यात.

जाता जाता आठवण करून देतो: त्याच बर्लिनमध्ये, दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला हॉकीत ८–१ असे हरवले. ते आपल्याला पाठ आहे. होडीवाल्यांचे मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

सिॲटलमध्ये त्या दिवशी जोचा बाप रेडिओला कान लावून बसला होता. सावत्र आई आदल्या वर्षी वारली होती आणि बापाने मुलाला परत जवळ केले होते. जो ज्या मुलीशी पुढे लग्न करणार होता तीही तिथेच बसली होती. उशिरा का होईना, घर झाले.

पुढे नऊ जण नऊ वाटांनी गेले. चक डे डॉक्टर झाला, बॉब मॉक वकील झाला, जो विमानाच्या बोइंग कारखान्यात पस्तीस वर्षे इंजिनिअर होता. यातला कुणीही पुन्हा ऑलिंपिकला गेला नाही. पण हे एकमेकांना सुटले नाहीत. दरवर्षी कुठे ना कुठे जमायचे, जेवायचे. मधूनमधून जुनी होडी पाण्यात घालायचे. चक डे १९६२ साली गेला. बाकीच्यांनी १९८६ साली, त्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, वयाच्या सत्तरीत पुन्हा एकदा होडी पाण्यात घातली आणि वल्ही हातात घेतली. गुडघे वाकत नव्हते, धरून बसवावे लागले असेल. शेवटचा राहिलेला रॉजर मॉरिस, पहिल्या दिवशीचा तो मितभाषी दोस्त, २००९ साली गेला. ती होडी आज विद्यापीठाच्या होडीघरात जेवणघराच्या छताला टांगलेली आहे. नवी पोरे तिच्याखाली बसून जेवतात.

या सगळ्यावर डॅनियल जेम्स ब्राऊन यांनी २०१३ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि २०२३ साली त्यावर चित्रपट निघाला. चित्रपट ठीक आहे, पण धरणावरच्या त्या तिघांना त्यात पुरेशी जागा नाही, असे आमचे मत.

आमच्या त्या सभासदांनी एवढे ऐकून विचारले, "हे सगळं गोऱ्यांचं झालं. आपल्यात असं कोण हाय का?" आहे की. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावातला, कष्टकरी घरचा पोरगा. पोहायला पाणी नाही तिथला हा गडी सैन्यात जाऊन वल्हे मारायला शिकला, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिघा साथीदारांबरोबर चौघांच्या होडीत सुवर्णपदक घेऊन आला. एकट्याच्या होडीतून चौघांच्या होडीत. यावर ते सभासद काही बोलले नाहीत, टोपी डोक्यावर ठेवली. पण मुलाला फोन लावून वल्ह्याची लांबी किती असते ते विचारताना आम्ही ऐकले.

जोबद्दल एक सांगायचे राहिले. त्याचे सोन्याचे पदक एकदा घरातून नाहीसे झाले. वर्षानुवर्षे सापडले नाही. शेवटी घराची दुरुस्ती काढली तेव्हा माळ्याच्या आत मिळाले; चकाकते म्हणून एका खारीने ते आपल्या घरट्यात नेऊन ठेवले होते. जो हसला म्हणतात. पदक गेल्याचे त्याने फार मनाला लावून घेतले नव्हते.

शेवटच्या दिवसांत तो अंथरुणाला खिळला असताना हे लेखक त्याला भेटले. म्हाताऱ्याने सगळे सांगितले: आईचे मरण, शाळेतल्या रात्री, सिक्विमच्या घरापुढून निघून गेलेली गाडी. ते सांगताना त्याचा आवाज ठीक होता. होडीचा विषय निघाला, त्या आठ जणांची नावे तोंडात आली, की तो रडायला लागायचा. लेखकांनी विचारले, तुमच्या आयुष्यावर पुस्तक लिहू का? तो म्हणाला, लिहा, पण एकट्या माझ्यावर नको. त्या होडीवर लिहा.